कोकणात कॉक्लिअर इम्प्लांट घेऊन राहताना: नवीन घरांसाठी रोजच्या कामाची माहिती

ज्यांच्या घरात ऐकू न येणाऱ्या माणसाला नुकतंच कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्यासाठी ऑपरेशन करून बसवायचं यंत्र, बसवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या मुलीचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. मशीनबरोबर जी पुस्तिका मिळते त्यात सगळं असतं, पण आमच्याकडचा जुलै त्यात नसतो, खारा वारा नसतो, चार-चार दिवस गेलेली लाईट नसते. म्हणून वेगळं लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही, आई आहे, त्यामुळे तुमच्या मशीनबद्दल तुमच्या ऑडिओलॉजिस्टनी (ऐकण्याची तपासणी करून मशीन जुळवून देणारे तज्ज्ञ) जे सांगितलं असेल ते पहिलं, माझं नंतर.

आधी एकच गोष्ट सांगते, खाली जे काय लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीसाठीच आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत मशीन डोक्यावर पाहिजे. ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपीपुरतं नाही, शाळेपुरतं नाही, दिवसभर. ऑपरेशननं आवाज आत पोचायची वाट तयार होते, पण त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूच शिकतो आणि तो शिकतो ते सतत कानावर पडत राहिलं तरच. आणि आपल्याकडे मशीन डोक्यावरून उतरायची कारणं ठरलेली आहेत बघा, ओल, लाईट, घाम, तुटलेली वायर आणि घरच्यांचा कंटाळा. एकेका कारणाचा आधीच बंदोबस्त करून ठेवायचा, बास.

मशीनची ओळख

इम्प्लांटच्या बाहेरच्या भागाला घरात सगळे मशीनच म्हणतात, मी पण तसंच लिहिणार. आतला भाग ऑपरेशनमध्ये कानामागे कातडीखाली बसवलेला असतो आणि त्याची बारीक इलेक्ट्रोडची तार आतल्या कानात, कॉक्लियात गेलेली असते. बाहेरचा भाग म्हणजे प्रोसेसर, त्याला माईक, बॅटरी आणि वायरनं जोडलेली गोल कॉईल, जी लोहचुंबकानं डोक्याला चिकटते. काही मॉडेलमध्ये वायरच नसते, सगळं एका गोल बटणात. माईक आवाज पकडतो, प्रोसेसर त्याचे सिग्नल बनवतो, कॉईल ते कातडीतून आत पाठवते आणि इलेक्ट्रोड ते थेट कानाच्या नसेला देतात. आतल्या भागाला स्वतःची बॅटरी नसते, म्हणजे बाहेरचं काढलं की ऐकणं बंद. हे आजी-आजोबांना, शेजारच्यांना, सगळ्यांना नीट समजावून सांगा, कारण मशीन काढलेल्या मुलाला मागून हाका मारून "ऐकत नाही मेला" म्हणणारं कोणीतरी असतंच आणि मुलाला उगाच बोलणी बसतात.

आपल्याकडे बहुतेक मशीन कॉक्लिअर, मेडेल नाहीतर अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्स या तीन कंपन्यांची दिसतात. कोणाचे इलेक्ट्रोड २२, कोणाचे १६, कोणाचे १२, आणि वेटिंग रूममध्ये बसलेले पालक त्यावरून तुलना करत बसतात. आकडा जास्त म्हणजे ऐकू जास्त येतं असं काही नाही, मॅपिंग, म्हणजे ऑडिओलॉजिस्टनी मशीनचे आवाज त्या माणसाला बसतील असे जुळवून देणं, किती नीट झालंय आणि मशीन किती तास लावलं जातंय यानं खरा फरक पडतो असं माझं मत झालंय.

स्विच ऑन आणि पहिले महिने

ऑपरेशननंतर जखम भरली की साधारण दोन ते चार आठवड्यांनी मशीन पहिल्यांदा चालू करतात. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात, बाळ आईचा आवाज ऐकून हसतं वगैरे, तसं होईलच असं नाही. काही मुलं रडतात, काही नुसती थबकतात, काही काहीच करत नाहीत, आणि या सगळ्यात काळजीचं असं काही नाही. पहिल्या दिवशी आवाज मुद्दाम कमीच ठेवलेला असतो आणि मग दर मॅपिंगला थोडा थोडा वाढवत नेतात. पहिल्या वर्षात मॅपिंगच्या फेऱ्या बऱ्याच असतात, आपल्याला मुंबई-पुण्याची रात्रीची गाडी पकडून जावं लागतं, खर्च होतो, रजा जाते, तरी एकही फेरी चुकवू नका. आता काही सेंटर नेटवरून मॅपिंग करून देतात, तुमच्या मशीनला ते चालतं का एकदा विचारून ठेवा, फक्त त्या दिवशी रेंज असलेल्या कोणाच्या तरी घरी जाऊन बसावं लागतं.

मुलाचं कानाचं वय स्विच ऑनपासून मोजायचं. तीन वर्षांच्या मुलाला मशीन लागून सहा महिने झाले असतील तर ऐकण्यात ते सहा महिन्यांचं बाळ आहे. "अजून बोलत कसा नाही?" हे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर द्या, आणि रात्री स्वतःलाही द्या.

मोठ्या माणसांचं वेगळं असतं. ज्यांना आधी ऐकू येत होतं आणि नंतर गेलं, त्यांना सुरुवातीला सगळे आवाज यंत्रातून आल्यासारखे वाटतात, बायको बोलते का नात तेही कळत नाही आणि माणूस घाबरतो की एवढं करून हेच का. आठवड्या-महिन्यांनी मेंदू जुळवून घेतो आणि माणसांचे आवाज परत ओळखीचे वाटायला लागतात, पण लावून बसलं तरच. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, त्यांची सून रोज सकाळी पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि काका त्याच ओळींवर बोट फिरवत ऐकायचे. नंतर पेपर बाजूला ठेवून नुसतं ऐकायला लागले. मग आकाशवाणी रत्नागिरीच्या बातम्या. अशीच पायरी पायरीनं सवय लावा, एकदम टीव्हीवरच्या भांडणाच्या चर्चा लावून द्यायच्या नाहीत.

मॅप, म्हणजे ही जुळवणी, बिघडल्याच्या खुणा लक्षात ठेवा: मूल सारखी कॉईल ओढून काढतंय, मोठ्या आवाजाला डोळा किंवा गाल फडफडतोय, आधी ज्याला वळून बघत होतं त्याला आता बघत नाही. असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

रोज सकाळचं काम

मशीन लावलं की आधी तपासणी, दोन मिनिटांची. आ, ऊ, ई, म, श, स, हे सहा आवाज. लिंग (Ling) नावाच्या तज्ज्ञावरून याला लिंगची टेस्ट म्हणतात, या सहा आवाजांत जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्यातला सगळा पट्टा येतो. मुलाच्या मागे किंवा मशीनच्या बाजूला बसायचं, म्हणजे तोंड दिसणार नाही, आणि साध्या आवाजात एकेक म्हणायचं, क्रम रोज बदलायचा, मध्ये कधी नुसतं गप्प राहायचं. तोंडावर हात धरू नका, आवाज दबतो. लहान मुलानं ऐकू आलं की मोठा शिंपला टोपलीत टाकायचा, मोठ्या मुलानं तोच आवाज परत म्हणून दाखवायचा. पावसात पडवीत बसून हे करू नका, पत्र्यावरचा पाऊस सगळं गिळतो, माजघरात जा.

काल येत होता तो आवाज आज येत नाही असं झालं तर क्रमानं बघत जा. आधी बॅटरी बदला. मग कॉईलची वायर बदला, सगळ्यात जास्त तीच तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून एक जास्तीची वायर घरात पाहिजेच. मग माईकचं कव्हर बघा, काही मॉडेलना ऐकून बघायचा इअरफोन मिळतो त्यानं आपल्याला माईक तपासता येतो. एवढं करून झालं नाही तर सेंटरला फोन. आपलं सेंटर आठ-दहा तासांवर असतं त्यामुळे घरात एवढं येणं गरजेचं आहे, आणि घरातल्या एकाच माणसाला येऊन उपयोग नाही, आई माहेरी गेली की मशीन बंद असं होता कामा नये.

ओल

हा आपला खरा शत्रू. जूनपासून पुढचे चार महिने भिंती घाम गाळतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, मग माईकच्या बारीक भोकांचं काय होत असेल विचार करा. त्यात किनाऱ्याजवळ हवेत मीठ असतं, बॅटरी जिथं टेकते त्या पत्रीवर हिरवट थर धरतो आणि मशीन मध्येच बंद-चालू व्हायला लागतं.

रोज रात्री हे करायचं. मशीन काढलं की बॅटरी वेगळी करा. सुक्या मऊ सुती कपड्यानं प्रोसेसर, कॉईल, वायर पुसून घ्या, बॅटरीच्या पत्र्या त्या मशीनबरोबर आलेल्या छोट्या ब्रशनं किंवा सुक्या कपड्यानं साफ करा, पाणी नको, स्पिरीट नको. मग मशीन ड्राय बॉक्समध्ये. ड्राय बॉक्स दोन प्रकारचे, एक लाईटवरचा, त्यात हलकी गरम हवा फिरते, आणि दुसरा नुसता घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल. आपल्याकडे दोन्ही पाहिजेत, कारण पावसात लाईटचा भरवसा नाही. वापरून टाकायच्या बॅटऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवायच्या नाहीत, त्या आतून सुकतात आणि लवकर संपतात.

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, निळ्याचं गुलाबी होतं किंवा केशरीचं हिरवं, म्हणजे त्यानं ओल प्यायली, आता बदला. पुण्यात राहणाऱ्या लोकांचं जेल जेवढे दिवस टिकतं तेवढं आपलं टिकत नाही, तेव्हा वरची तारीख बघू नका, रंग बघा. आगोटीचं सामान भरता ना, मीठ-मिरची, सुकी मासळी, त्याच यादीत जेलची पाकिटं, माईकची कव्हरं आणि बॅटऱ्या लिहून टाका आणि मे महिन्यातच मागवून ठेवा, नंतर घाट बंद पडला की कुरिअर अडकतं.

मशीन तांदळात पुरून ठेवायचं नाही. मोबाईल भिजला की लोक तसं करतात, पण तांदळाची भुकटी माईकमध्ये जाते. चुलीच्या उबेला नाही, हेअर ड्रायरखाली नाही, उन्हात वाळत नाही, फ्रिजमध्ये तर अजिबात नाही. आणि ड्राय बॉक्स स्वयंपाकघरात ठेवू नका, भाताची वाफ दिवसभर असते.

भर पावसात आम्ही दिवसातून दोनदा सुकवायचो, दुपारी मूल झोपलं की तेवढा वेळ डब्यात. पावसातून भिजून आल्यावर आधी केस पुसायचे, मग मशीन पुसायचं, बॅटरीचं घर उघडून आत पाणी गेलंय का बघायचं. आजकालची मशीन पाण्याचे थेंब बऱ्यापैकी झेलतात, पण पाण्यापासून संरक्षणाचा कंपनी जो आकडा सांगते तो बहुतेक वेळा चार्जिंगच्या बॅटरीबरोबरचा असतो, बटण-सेल घातलं की तेवढं संरक्षण राहत नाही, हे विचारून घ्या. छत्री मात्र मशीनच्या बाजूच्या हातात धरायची सवय लावा, साधी गोष्ट आहे, फरक पडतो.

लाईट आणि बॅटऱ्या

दोन प्रकार असतात. चार्जिंगच्या, आणि वापरून टाकायचे बटण-सेल, ६७५ नंबरचे. श्रवणयंत्राचे ६७५ आणि इम्प्लांटचे ६७५ दिसायला सारखे पण इम्प्लांटला जास्त ताकद लागते, पाकिटावर इम्प्लांटसाठी असं लिहिलेलेच घ्या. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो, म्हणून लगेच झाकण लावू नका, काही मिनिटं उघडा ठेवा, आणि एकदा स्टिकर काढला की परत चिकटवून सेल वाचत नाही. चिल्लर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नका.

एक गोष्ट ठळकपणे सांगते. बटण-सेल लहान मुलानं गिळला तर वाट बघायची नाही, पोट दुखतंय का बघत बसायचं नाही, त्याच क्षणी दवाखान्यात, एक्स-रे असलेल्या. सेल अन्ननलिकेत अडकला तर थोड्या तासांत आतून भाजतो. मशीनचं बॅटरीचं झाकण कुलूप होणारं असतं, ते कुलूप लावूनच ठेवा, आणि वापरलेले सेल कुठेतरी फळीवर टाकू नका, धाकटी भावंडं रांगत असतात.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, पुढच्या मेमध्ये तौक्ते आलं. अशा वेळी नुसत्या चार्जिंगवर असलेलं मूल दुसऱ्या दिवशी बहिरं होतं. म्हणून चार्जिंगवाल्यांनीही बटण-सेलची पाकिटं आणि त्याचं बॅटरीचं घर जवळ ठेवायचं. बहुतेक चार्जर यूएसबीवर चालतात, म्हणजे पॉवर बँक चालते, एक मोठी पॉवर बँक फक्त मशीनसाठी ठेवा आणि तिच्यावर कोणी मोबाईल लावणार नाही हे घरात ठरवून टाका. विजा चमकायला लागल्या की चार्जर आणि ड्राय बॉक्स प्लगमधून काढा, होल्टेजच्या झटक्यानं ते जळतात.

आणि लाईट गेल्यावर अंधारात मुलाशी बोलताना टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरा. मशीन असलं तरी ओठ बघून त्याला निम्मं कळत असतं.

तेल, केस, घाम

खोबरेल तेल. आपल्याकडे मुलीच्या डोक्याला तेल न लावणं आज्यांना सहनच होत नाही, आणि तेलानं माईक बुजतो, कॉईल घसरते, वायरचं प्लास्टिक खराब होतं. भांडण करायची गरज नाही. रात्री मशीन काढल्यावर आजीला हवं तेवढं चोळू द्या आणि सकाळी न्हाऊ घालून केस पूर्ण सुकले की मग मशीन. पावडर, अत्तर, डास पळवायचं मलम, हेही मशीन लावायच्या आधी आणि हात धुऊन.

वेणी घालताना कॉईलच्या जागी केस पातळ राहतील असा भांग पाडा. मुलांच्या मशीनला दोरी आणि क्लिप मिळते, ती शर्टाच्या मागच्या बाजूला लावा, आंब्याच्या बागेत खेळताना कॉईल पडली की पाचोळ्यात शोधणं फार अवघड. कॉईल लोखंडाला चिकटते हे पण लक्षात ठेवा, खिडकीचे गज, गोदरेजचं कपाट, एसटीचा दांडा, हरवली की आधी तिथे बघायचं.

आठवड्यातून दोन-तीनदा कॉईलखालची कातडी बघा. लाल झाली, दुखतेय, खोलगट वण पडलाय, तर चुंबक जास्त ताकदीचा आहे, ऑडिओलॉजिस्ट कमी ताकदीचा बदलून देतात. याकडे दुर्लक्ष केलं तर जखम होते आणि मग कितीतरी दिवस मशीन लावताच येत नाही. एप्रिल-मेच्या घामात दुपारी एकदा तिथली कातडी आणि मशीन दोन्ही पुसून घ्या.

समुद्र आणि रंग

आमच्या घरात समुद्र बंद केला असता तर मुलीनं आम्हाला माफ केलं नसतं. पण वाळू मशीनला पाण्याहून वाईट. किनाऱ्यावर नुसतं फिरायचं असेल तर मशीन लावा, वर रुमाल किंवा टोपी बांधा, वाऱ्याचा घोंगाट पण त्यानं कमी होतो. पाण्यात जायचं असेल तर दोनच मार्ग, कंपनीचं वॉटरप्रूफ कव्हर, नाहीतर मशीन काढून डब्यात. बहुतेक कव्हरमध्ये चार्जिंगची बॅटरीच लागते, बटण-सेलला हवा मिळत नाही म्हणून तो बंद पडतो. बाहेर आल्यावर कव्हर उघडायच्या आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, मग उघडायचं. मशीनच खाऱ्या पाण्यात पडलं तर बॅटरी काढा, चालू करून बघू नका, सेंटरला लगेच विचारा.

मशीन काढून पाण्यात गेलेल्या मुलाला हाक ऐकू येत नाही. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी समुद्र किती ओढतो आपल्याला माहीत आहे. एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, कायम, आणि "मागे ये", "थांब" याच्या खुणा घरीच ठरवून शिकवलेल्या.

मालवण-तारकर्लीला आता सगळेच स्कूबा करतात, इम्प्लांट असलेल्या मोठ्या मुलांनाही जायचं असतं. आतल्या भागाला पाण्याचा दाब किती खोलीपर्यंत चालतो ते प्रत्येक मॉडेलचं ठरलेलं असतं, सर्जनला विचारल्याशिवाय नाही, आणि खाली उतरायच्या आधी डायव्हरला सांगायचं की याला ऐकू येणार नाही.

शिमग्यात धुळवडीच्या दिवशी सुका रंग माईकमध्ये बसतो, तेव्हा रंग खेळायच्या वेळेत मशीन घरी. पालखी नाचवतात तेव्हा मात्र लावू द्या.

घरातलं बोलणं

थेरपिस्ट आठवड्यातून एकदा भेटणार, तेही बहुतेक फोनवर. बाकीचं घरात होतं, आणि मला वाटतं आपल्या घरांत ते होण्यासारखं भरपूर आहे. मासे साफ करताना बोला, "बांगडा धुतला, आता मीठ लावते, आता हळद," विहिरीवर, गोठ्यात, अळूची पानं कापताना. जे हातात आहे त्याचंच नाव, तेच वाक्य परत परत, थोडं सावकाश पण ओरडून नाही. ओरडलं की आवाज फाटतो आणि उलट कमी कळतं. जवळ येऊन बोला, हातभर अंतरावरून. आवाज झाला की कानाकडे बोट दाखवून "ऐकलंस? कोंबडा," "ऐकलंस? नारळ पडला," असं लक्ष वेधायचं, आणि मग ते खरंच काय आहे ते नेऊन दाखवायचं.

मिक्सर, पंप, टीव्ही बंद करून बोला. चिरेबंदी मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, तिथं गोधडी, चटई, पडदे घातले की ऐकणं सोपं होतं.

भाषेचं बरेच जण विचारतात. घरात मालवणी किंवा आपली गावची बोली, शाळेत पुस्तकी मराठी, मग मुलाशी काय बोलायचं? जी भाषा तुम्ही मनापासून, न अडखळता दिवसभर बोलता तीच. "खंय चललंस?" असं आजी विचारत असेल तर मुलाला ते समजलंच पाहिजे, नाहीतर ते स्वतःच्याच घरात पाहुणं होईल. आईनं शिकलेल्या पुस्तकी मराठीत चार वाक्यं बोलून गप्प बसण्यापेक्षा बोलीत चारशे वाक्यं बोललेली बरी. शाळेची भाषा मागून येते.

आणि खुणा करू नका, ओठ बघू देऊ नका, असं कोणी फार कडक सांगितलं तर थेरपिस्टशी मोकळेपणानं बोला. मशीन बंद असतानाही मुलाशी बोलता आलं पाहिजे असं मला वाटतं.

शाळा, एसटी, गाडी

एकाच कानाला इम्प्लांट असेल तर आवाज कुठून आला ते कळत नाही. हायवेवर हॉर्न ऐकू येतो पण डावीकडून का उजवीकडून ते नाही, म्हणून रस्ता ओलांडताना आधी थांबून दोन्हीकडे बघायचं हे पाठ करून घ्या. गर्दीत, गोंधळात बोलणं कळायलाही जास्त त्रास होतो.

वर्गात पुढे बसवा, मशीनचा कान बाईंच्या दिशेला, खिडकी आणि पंख्यापासून लांब. शाळेला पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात बाईंचं एक अक्षर कळत नाही, त्यासाठी बाईंनी गळ्यात घालायचा छोटा वायरलेस माईक मिळतो, थेट मशीनमध्ये आवाज येतो, महाग आहे पण शक्य असेल तर घ्या. बाईंना एकच विनंती करायची, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. दरवर्षी नवीन बाई येतात, दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊन बॅटरी बदलून दाखवायची.

एसटीत मशीनचा कान आतल्या बाजूला येईल असं बसा, खिडकीचा वारा थेट माईकवर आदळतो. कोकण रेल्वेत बोगद्यात आवाज एकदम वाढतो, रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा ६.५ किलोमीटरचा आहे, लहान मुलं दचकतात, आधी सांगून ठेवा. स्टेशनवरची अनाऊन्समेंट कळेल असं धरू नका, मोबाईलवर बघत राहा. हेल्मेट घालताना मशीन खाली सरकतं, सैल अस्तर असलेलं घ्या आणि गाडी सुरू करायच्या आधी कॉईल जागेवर आहे का हातानं बघा, पण मशीनसाठी म्हणून हेल्मेट टाळू नका, डोक्याला मार लागला तर आतला भाग बिघडू शकतो. त्याच कारणानं कबड्डी-कुस्ती नको, झाडावर चढणंही जरा जपूनच.

गणपती

चाकरमानी आले, घरात पंचवीस माणसं, झांजा, मृदंग, सगळे एकदम बोलतायत. इम्प्लांटमधून ठेका छान कळतो पण चाल नीट कळत नाही, म्हणून मुलाच्या हातात झांजा द्या, आरतीला ते रमतं. मशीनमध्ये गोंगाटाचा वेगळा प्रोग्रॅम असतो तो लावायला शिका. दमलं की पाठीमागच्या खोलीत थोडा वेळ शांत बसू द्या, मशीन न काढता. आणि आलेल्या प्रत्येक काकू-मावशीला "बोलून दाखव बघू" म्हणायला देऊ नका, त्यानं मुलं बोलायचीच बंद होतात.

दवाखान्यात काय सांगायचं

कुठल्याही दवाखान्यात, दाताच्या डॉक्टरकडे सुद्धा, पहिलं वाक्य: याच्या डोक्यात कॉक्लिअर इम्प्लांट आहे. एक्स-रे, सीटी स्कॅन चालतो. एमआरआयला आतल्या चुंबकाचा प्रश्न येतो, काही मॉडेलना ठरावीक ताकदीच्या एमआरआय यंत्रात अटींवर चालतो, काहींना आधी चुंबक काढावा लागतो, म्हणून इम्प्लांट सेंटरशी बोलल्याशिवाय मुलाला एमआरआयच्या खोलीत न्यायचंच नाही. दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल तर करंटनं जाळून रक्त थांबवतात त्याबद्दल सर्जननं कंपनीच्या सूचना बघायला हव्यात, आणि डोक्या-मानेजवळ डायथर्मीचा (विजेच्या लहरींनी देतात तो) शेक अजिबात नाही.

इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, त्यासाठी न्यूमोकोकलची लस सांगतात, कार्डावर तिची नोंद आहे का आत्ताच बघा. ताप, जोरात डोकं दुखणं, उलट्या, मान ताठ, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी. कान फुटला, कानात दुखतंय, तर तेल-लसणाचे उपाय नकोत.

कागद आणि पैसे

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, जिल्हा रुग्णालयातून तपासणी होते, शाळेतल्या आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींना, जास्त वेळाला वगैरे, ते लागतं. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या संस्थेत करावी, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि उत्पन्नाची अट आहे, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" करण्यात वेळ घालवू नका.

आतला भाग बरीच वर्षं चालावा म्हणूनच बसवलेला असतो, पण बाहेरचा प्रोसेसर कधीतरी बदलावा लागतोच आणि तो खर्च लाखांत जातो. ऑपरेशन झालं त्याच महिन्यापासून पोस्टात एक आरडी सुरू करा, पाचशेची का होईना. वॉरंटी कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा, हरवण्या-चोरीचा विमा मिळतो का विचारा, वॉरंटी संपायच्या आधी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, नंतर तेच काम पैसे देऊन करावं लागतं.

प्रोसेसरचा आणि आतल्या इम्प्लांटचा सिरीयल नंबर, इम्प्लांट कार्डाच्या दोन्ही बाजू आणि शेवटच्या मॅपिंगचा कागद, या सगळ्यांचे फोटो आई, बाबा आणि मुंबईतला एखादा नातेवाईक अशा तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मशीन रिपेअरला पाठवताना बॅटरी काढून, सिलिका जेलची पुडी घालून, घट्ट डब्यात पॅक करा, वर प्लास्टिक, आणि पाठवायच्या आधीच सेंटरकडून तात्पुरतं मशीन मिळतं का विचारा, मिळत असेल तर ते हातात आल्यावरच आपलं पाठवा.